खुराड्यात काय अंथरावे? तूस, भुसा की मागाखालचा कचरा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत आणि कोकणातल्या मोहल्ल्यांत घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. अंड्यांच्या चार पैशांचा हिशेब बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असतो आणि मंदीच्या दिवसांत हेच चार पैसे घराला उपयोगी पडतात. कोंबड्या घेताना कोणत्या जातीच्या घ्याव्यात, त्यांना खाद्य काय द्यावे, याची चौकशी सगळेच करतात. खुराड्याच्या जमिनीवर काय अंथरायचे, हा सवाल मात्र क्वचितच कोणी विचारतो. जे फुकट मिळेल ते आणून टाकले जाते. पुढे पिल्ले मरू लागली की दोष हवेला, नजरेला किंवा पिल्ले विकणाऱ्याला दिला जातो. अंथरुणाकडे कोणी पाहत नाही, आणि पुष्कळदा बिघाड तिथेच असतो.

कापडाच्या व्यापाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय मुळात ओलीचा आहे. सुताचा आणि कापडाचा धंदा करणाऱ्याला ओल म्हणजे काय चीज आहे हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात गोदामातल्या एका गाठीला ओल लागली तर शेजारच्या चार गाठींना काय होते, ते आम्ही दरसाल पाहतो.

रोजचे पाणी जाते कुठे?

प्रथम हिशेब करू. एक अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम विष्ठा टाकते. तिच्यातला तीन-चतुर्थांश भाग निव्वळ पाणी असते, कारण कोंबडी वेगळी लघवी करीत नाही. सर्व एकत्रच बाहेर पडते. म्हणजे दहा कोंबड्या रोज किलोभर विष्ठा आणि तिच्यातून पाऊण लिटरहून जास्त पाणी खाली सोडतात. महिन्याचे चोवीस-पंचवीस लिटर झाले. कोंबड्या दिवसा बाहेर फिरत असतील तर यातले निम्मे धरा. पाण्याच्या भांड्यातून सांडते ते आणि पावसाचे झडीने येते ते वेगळेच.

अंथरुणाने हे पाणी शोषून घेतले पाहिजे, एवढे सर्वांना समजते. पण काम इथे निम्मेच झाले. शोषलेले पाणी त्याने हवेला परत दिले पाहिजे. जे अंथरूण पाणी पिते पण सोडत नाही, ते आठ दिवसांत चिखल होते. टर्किश टॉवेल पाणी खूप पितो, पण पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. साधा विरळ विणीचा पंचा कमी पितो आणि घटकाभरात वाळतो. खुराड्यासाठी पंचा हवा, टॉवेल नको. माझ्या मते अंथरूण निवडण्याची पहिली कसोटी ही आहे.

ओल टिकली की तीन नुकसाने होतात. पहिले अमोनियाचे. विष्ठेतल्या युरिक आम्लावर ओलीत जंतू वाढतात आणि डोळ्यांत झोंबणारा वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो 25 भागांच्या वर गेला की कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका खराब होऊ लागतात, मग इतर रोगांना दार उघडे होते. आपल्या नाकाला त्याआधी वास कळतो. पण उभ्याने नव्हे. खाली बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घ्यावा. आणि जो माणूस रोज आत जातो त्याच्या नाकाला सवय झालेली असते, म्हणून कधी शेजाऱ्याला विचारावे. दाटीच्या गल्लीत शेजारी विचारण्याची वाट पाहत नाही, हा भाग निराळा.

दुसरे नुकसान रक्ती हगवणीचे. या रोगाचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब, हवा आणि ओल ही तिन्ही मिळाली तर एक-दोन दिवसांत ते पक्व होतात आणि मग पिल्लाच्या पोटात गेले की रोग करतात. ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही. ओल तेवढी आपल्या हातात आहे. तिसरे नुकसान बुरशीचे. बुरशी धरलेल्या भुशाची धूळ पिल्लांच्या फुप्फुसात जाते, पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि मरतात. या रोगावर खात्रीचा इलाज नाही; बुरसट माल आत येऊ न देणे एवढेच करता येते.

मागाखालचा कचरा नको

आता आपल्या कारागीर बंधूंना सर्वांत जवळचा माल. यंत्रमागाच्या कारखान्यात रोज सुताचा गुंता, कापसाची उडालेली रुई आणि चिंध्या निघतात. घर आणि कारखाना लागून असतो, माल फुकटचा, मऊ आणि उबदार दिसतो. त्यामुळे पुष्कळ घरांत तोच खुराड्यात जातो. हा माल वापरू नये, असे मी स्पष्ट सांगतो. कारणेही सांगतो.

कोंबडी चोचीने उकरून खाते. धागा तिला किड्यासारखा दिसतो. लांब धागा गिळला की तो गळ्याखालच्या पिशवीत इतर दाण्यांना आणि गवताला गुंडाळला जातो, त्याचा गोळा होतो आणि पिशवी तुंबते. कोंबडी भरल्या पिशवीने उपाशी मरते. कधी धागा जिभेच्या मुळाशी अडकतो. पिल्लांच्या बाबतीत धागा पायाला वेढे घालतो. पिल्लू वाढते, धागा वाढत नाही. पाय सुजतो, काळा पडतो आणि जातो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा धागा असेल तर तो कुजून तुटण्याचीही आशा नाही.

दुसरी गोष्ट ओलीची. सुताच्या व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर 8.5 टक्के ओल स्वाभाविक धरतात. पॉलिएस्टरला ती अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे आजच्या मिश्र सुताच्या कचऱ्यात एक भाग पाणी धरून बसणारा आणि दुसरा भाग पाण्याला हातही न लावणारा. पायाखाली दबला की त्याचा नमदा होतो, वर विष्ठेचा थर आणि आत ओल. शिवाय ताण्याच्या सुताला सायझिंगची खळ असते. ही खळ बहुधा स्टार्चची, म्हणजे बुरशीला आयते जेवण. मागाचे तेल आणि रंग-रसायने लागलेली असतात ती आणखी वेगळी.

रुईच्या धुळीने माणसाचे काय होते हे गिरणी आणि जिनिंगमधल्या कामगारांना माहीत आहे. छाती आवळण्याच्या त्या रोगाला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. कोंबडीचे फुप्फुस आपल्यापेक्षा नाजूक आहे. जिनिंगच्या कचऱ्याविषयीही माझे मत हेच, आणि त्यात कपाशीवर फवारलेल्या औषधाची शंका वर राहते.

याच संदर्भात आणखी एक सूचना. कापडाच्या गोदामात आपण डांबरगोळ्या टाकतो. उवा-गोचिडी जाव्यात म्हणून कोणी त्या खुराड्यातही टाकतात. तसे करू नये. त्यातले नॅफ्थलीन पक्ष्यांना विषारी आहे.

गोणपाटाची गोष्ट मात्र निराळी. पिल्ले आणल्यावर पहिले चार-पाच दिवस ती अंथरूणच दाणा समजून खातात. म्हणून तुसावर घट्ट विणीचे धुतलेले बारदान पसरावे आणि त्यावर दाणा टाकावा. विरळ विणीचे नको, त्यात नखे अडकतात. कडा दुमडून शिवून घ्याव्यात म्हणजे सुतळी सुटणार नाही. काही जण नुसता वर्तमानपत्राचा कागद घालतात. तो ओला झाला की गुळगुळीत होतो, पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि ती पुढे नीट उभी राहत नाहीत. कागद घालायचाच तर खालीवर खरबरीत राहील असा चुरगळून घालावा आणि रोज बदलावा. पाच दिवसांनी बारदान काढून घ्यावे.

मग घ्यावे काय?

कोकण, मावळ, पूर्व विदर्भ अशा भाताच्या मुलखात उत्तर सरळ आहे: भाताचे तूस. तुसाच्या टरफलात वाळूसारखा सिलिका भरपूर असतो. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, दबत नाही, दाण्यादाण्यामधून हवा खेळत राहते. ते पाणी फार पीत नाही, ही त्याच्याविरुद्ध तक्रार केली जाते. पण जे पिते ते लवकर सोडते, आणि आपल्याला तेच पाहिजे. गिरणीवर जाताना एवढे लक्षात ठेवावे की तूस आणि कोंडा या दोन जिनसा आहेत. कोंड्यात तेल आणि पीठ असते. तो कोंबड्या खाऊन टाकतात, राहिलेला बुरसतो. काही ठिकाणी लोक दोन्हींना एकच नाव देतात, म्हणून नावावर न जाता मूठ भरून पाहावे. हाताला पिठूळ आणि तेलकट लागले तर तो आपला माल नव्हे. तुसाला वीटभट्टीवाल्यांचीही मागणी असते. भट्ट्या पेटण्याच्या आधी, भाताच्या मळणीनंतर लगेच वर्षाची बेगमी करून ठेवली तर भाव बरा पडतो.

नाशिक-खानदेशच्या कोरड्या भागात तूस लांबून आणावे लागते आणि गाडीभाडे मालापेक्षा जास्त होते. तिथे सुतारकाम करणाऱ्या बांधवांकडे पाहावे. रंध्याखाली निघणाऱ्या ढलप्या उत्तम. त्या पाणी पितातही आणि सोडतातही, आणि पायाखाली लवचीक राहतात. करवतीचा बारीक भुसा त्याहून हलका: तो धूळ करतो, डोळ्यांत जातो, ओला झाला की थापीसारखा बसतो आणि पिल्ले तो खातात. मोठ्या कोंबड्यांना ढलप्यांत मिसळून चालेल. वखारीतून आणताना ओल्या लाकडाचा भुसा आणि ढिगाच्या तळाचा भुसा घेऊ नये, त्यात बुरशी ठरलेलीच.

पण हल्ली सुताराच्या दुकानातला सर्वच भुसा लाकडाचा राहिलेला नाही. प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांत फॉर्मल्डिहाइडचे चिकट द्रव्य असते. वाळवीचे औषध मारलेले लाकूड आणि पॉलिशपेपरची धूळ हेही त्याच ढिगात पडते. म्हणून ओळखीच्या सुताराला आधी सांगून ठेवावे की साध्या सुक्या लाकडाच्या ढलप्या वेगळ्या गोणीत भर, पोते मी देतो. तयार ढीग उचलून आणू नये.

भुईमुगाच्या शेंगांची टरफले पुष्कळांना पसंत असतात. टरफल हलके, कोरडे आणि उबदार आहे, पण त्यात बुरसटलेले फुटके दाणे राहतात, आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष कोंबडीच्या काळजाला म्हणजे यकृताला लागते. चाळून आणि दोन दिवस कडक उन्हात घालून वापरावीत. उसाचे चिपाड कारखान्यातून निघते तेव्हा त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असते आणि थोडी साखरही राहते. पूर्ण वाळवून, बारीक करून घेता आले तरच घ्यावे. बुरसटलेल्या चिपाडाच्या धुळीने माणसालाही छातीचा रोग होतो. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड घालायचे तर दोन इंचांच्या आत तुकडे करावेत, नाहीतर त्याची चटई बनते. नारळाच्या काथ्याचा भुगा म्हणजे आपला टर्किश टॉवेल. स्वतःच्या वजनाच्या कैक पट पाणी धरतो. कोकणच्या पावसात तो वाळायचा नाही. रोपवाटिकेला चांगला.

वाळूबद्दल दोन मते आहेत. कोरड्या हवेत ती लवकर वाळते, चाळून पुन्हा वापरता येते. पण तिचे खत होत नाही, उन्हाळ्यात ती तापते, आणि हल्ली तिचा भाव पाहता घर बांधणाऱ्यालाच ती परवडेनाशी झाली आहे.

तागडीवर घेऊ नका

खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. दहा कोंबड्यांना प्रत्येकी अडीच ते तीन चौरस फूट जागा धरली तर खुराडे 30 चौरस फुटांचे होते. त्यात तीन इंच थर द्यायचा तर साडेसात घनफूट माल लागतो. ज्या गोणीत 50 किलो तांदूळ मावतो तिच्यात सुमारे सव्वादोन घनफूट माल बसतो. म्हणजे साडेतीन गोण्या. पावसाळ्यासाठी थर चार-पाच इंचांचा करायचा असतो, तेव्हा दोन गोण्या जास्तीच्या कोरड्या जागी, जमिनीला टेकणार नाहीत अशा फळीवर ठेवाव्यात.

हा हिशेब गोणीने केला आहे, किलोने नव्हे, आणि सौदाही तसाच करावा. भुसा तागडीवर घेतला तर जितका ओला तितका जड. पाण्याला लाकडाचा भाव द्यावा लागतो आणि रोगही पदरात पडतो. आमच्याकडे सुताच्या व्यवहारात ओलीची मर्यादा ठरलेली असते आणि तिच्यावरचे वजन गिऱ्हाईक कापून घेते. भुशाच्या व्यवहारात अशी रीत नाही, म्हणून माप हेच संरक्षण. गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल बाहेर काढावा. गार लागला, वास आला किंवा गरम लागला तर गोणी परत करावी. गरम लागणे म्हणजे आत कुजणे सुरू झाले आहे.

एक माल कधीही विकत घेऊ नये, फुकटही आणू नये: दुसऱ्याच्या पोल्ट्रीतला वापरलेला किंवा उरलेला भुसा, आणि पोल्ट्रीतून आलेली रिकामी पोती. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातली ती पहिली नोंद. तेव्हा पक्ष्यांबरोबर खाद्य, अंडी आणि भुसाही नष्ट करावा लागला, कारण रोग पक्ष्याबरोबर संपत नाही. गंबोरोसारखा विषाणू तर अशा भुशात महिनोन्महिने टिकतो. आपल्याच खुराड्यात मानमोडी किंवा गंबोरो होऊन गेला असेल तर जुने अंथरूण जाळावे किंवा खोल पुरावे. नव्या पिल्लांना त्यावर सोडू नये.

रोजची मेहनत

चांगला माल आणला आणि तसाच पडू दिला तर तोही खराब होतो. अंथरण्यापूर्वी जमीन कोरडी करून विरलेला चुना मारावा. चुनकळी वापरू नये, पाय भाजतात. ओल्या झालेल्या भुशावर चुना शिंपडण्याची रीत सगळीकडे आहे. त्याने ओल कमी होते हे खरे, पण चुना क्षाराच्या गुणाचा असल्याने विष्ठेतला अमोनिया त्या वेळी जास्त सुटतो. म्हणून शिंपडायचाच असेल तर सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर, थोडा, आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवून.

ओल ओळखण्याची युक्ती साधी आहे. मूठभर भुसा घट्ट दाबावा आणि मूठ उघडावी. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त झाली. मूठ उघडताच सर्व उडून गेले तर तो फार कोरडा, धूळ करील. लाडू होऊन हळूहळू सुटला तर ठीक. तेव्हा त्यात साधारण 20 ते 25 टक्के ओल असते. दोन-तीन दिवसांआड दाताळ्याने खालीवर करावे. पावसाळ्यात रोज. जिथे पापडी धरली असेल तेवढा भाग खरवडून बाहेर टाकावा आणि तिथे नवा माल घालावा.

ओलीचा मोठा भाग पाण्याच्या भांड्याभोवती असतो. भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावे आणि विटांखाली जाळी किंवा वाळूचे घमेले ठेवावे. एवढ्या एका बदलाने भुशाचा खर्च दिसण्याइतका कमी होतो. रात्री बसण्याच्या दांडीखाली एक पत्रा ठेवून सकाळी त्यावरची विष्ठा काढून टाकली तर अंथरुणावरचा भार आणखी हलका होतो. थंडी वाजेल म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, ते चुकीचे आहे. वरच्या बाजूला वीतभर फट हवीच. हवा बाहेर गेली नाही तर ओल कुठे जाणार?

राहिला जुना भुसा. तो उकिरड्यावर फेकू नये, त्याला गिऱ्हाईक आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का असते. कोंबडीखतात ते तीन टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणून शेतकरी आणि बागाईतदार ते शोधत येतात. ताजे घातले तर पिकाची मुळे जळतात. खड्ड्यात ओलसर ठेवून, झाकून दोन-तीन महिने कुजवावे, मधून पालटावे. तुसाचे खत व्हायला जास्त वेळ लागतो, ढलप्यांना त्याहून जास्त, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. आणि ज्या गोणीत नायलॉनचा धागा किंवा चिंधी निघाली ती शेतकरी दुसऱ्यांदा घेत नाही, कारण ती त्याच्या नांगराला आणि जनावराच्या पोटात जाते.